नादशास्त्राचा तपस्वी : लॉर्ड रॅले

वाचकहो, मृगाचा वारा सुटला म्हणजे पनवेलच्या खाडीकडून येणाऱ्या झोताने विजेच्या तारा एक बारीक, लांबट सूर काढू लागतात. तो सूर तुम्ही कधी लक्ष देऊन ऐकला आहे काय? आपल्याकडील वडीलधारी मंडळी सांगतात की, त्यांच्या लहानपणी ती रस्त्याच्या कडेच्या तारेच्या खांबाला कान लावून उभी राहत आणि आतला गुणगुणाट ऐकून, दूरदेशीचे निरोपच या तारेतून धावत आहेत, असे समजून हरखून जात. मुलांनो, तुम्ही काठी जोराने हवेत फिरवता तेव्हा सूंऽ असा आवाज होतो. उंच चढलेल्या पतंगाचा ताणलेला मांजा बोटांशी गुणगुणतो. आता सांगा, हा आवाज कोण करते? काठी करते, तार करते, की वारा करतो?

प्रश्न पोरखेळाचा वाटेल. परंतु या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात जगातील थोर बुद्धिमंतांनी आयुष्याची वर्षे घातली आहेत. आपल्या पनवेल तालुक्याला तर आता हा प्रश्न अगदी दाराशी येऊन भिडला आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. उतरणाऱ्या विमानाचा आवाज ऐकून आपण म्हणतो, केवढे हे इंजिन गरजते! पण विमान उतरताना त्याची इंजिने पुष्कळशी मंद केलेली असतात. त्या वेळी कानांवर येणाऱ्या आवाजातील मोठा वाटा असतो तो विमानाची चाके, त्यांचे दांडे आणि पंखांच्या खाली झुकवलेल्या झडपा यांवरून धावणाऱ्या हवेचा. म्हणजे तारेचा सूर आणि विमानाचा हा घोष एकाच घराण्यातले आहेत. या घराण्याची वंशावळ ज्यांनी शोधून दिली त्यांपैकी एका अग्रगण्य पुरुषाचे चरित्र या अंकाच्या निमित्ताने तुमच्यापुढे ठेवावे, असे मनात आले. त्यांचे नाव जॉन विल्यम स्ट्रट. जग त्यांना लॉर्ड रॅले या नावाने ओळखते.

जॉन विल्यम यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८४२ रोजी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात झाला. घराणे जमीनदारांचे. घरी पैशाची ददात नव्हती. परंतु पालकहो, अल्लाहने एक गोष्ट त्यांना फार मोजून दिली होती, ती म्हणजे प्रकृती. दहाव्या वर्षी त्यांना ईटन या प्रसिद्ध शाळेत घातले. तेथील त्यांचा बराचसा काळ वर्गात न जाता आजाऱ्यांच्या खोलीतच गेला आणि थोड्याच काळात शाळा सोडावी लागली. पुढे हॅरो येथे घातले, तर छातीच्या दुखण्याने तेथेही मुक्काम टिकेना. मुलगा वयाच्या पंचविशीपर्यंत तरी जगतो की नाही, अशीच घरच्यांना धास्ती असावी. शेवटी टॉर्की या समुद्रकाठच्या गावी एका पाद्री शिक्षकांच्या घरगुती शाळेत त्यांना ठेवण्यात आले आणि तेथे सुमारे चार वर्षे त्यांचे शिक्षण एकदाचे सलग झाले.

येथे क्षणभर थांबून स्वतःच्या घराकडे पाहू या. मूल अशक्त आहे, वारंवार आजारी पडते, शाळा बुडते, परीक्षेत मागे राहते. मग आपण चटकन निर्णय करून टाकतो की, याच्या नशिबी विद्या नाही, याला दुकानावर बसवावे किंवा कुठेतरी चिकटवून द्यावे. स्ट्रट घराण्याने तसे केले असते तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती, कारण पोटापाण्याची चिंताच नव्हती. त्यांनी एवढेच केले की, एक शाळा मानवली नाही तर दुसरी पाहिली, दुसरी मानवली नाही तर तिसरी. पण शिक्षणाचा धागा तुटू दिला नाही.

१८६१ साली हा तरुण केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. सुरुवातीस त्याची गणिताची तयारी सोबत्यांपेक्षा कमीच होती. रूथ नावाचे एक नामांकित गणितशिक्षक त्यास लाभले, आणि स्टोक्स या थोर प्राध्यापकांच्या व्याख्यानांतून प्रयोगाची गोडी लागली. १८६५ साली गणिताच्या अंतिम परीक्षेत तो सर्व विद्यापीठात पहिला आला. आजाऱ्यांच्या खोलीत पडून राहणारा मुलगा पहिला यावा, ही गोष्ट लहान नव्हे.

त्या काळी उमरावांच्या मुलाने शास्त्राभ्यासात आयुष्य घालवणे शोभेचे समजले जात नसे. इस्टेट सांभाळावी, शिकारीला जावे, पार्लमेंटात बसावे, हा राजमार्ग होता. जॉन विल्यम यांनी तो सोडला. १८७१ साली एव्हलिन बाल्फोर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या वेळच्या नियमानुसार विवाहित माणसाला कॉलेजची फेलोशिप ठेवता येत नसे, म्हणून ती त्यांना सोडावी लागली. त्याच वर्षी आकाश निळे का दिसते याचे गणिती स्पष्टीकरण त्यांनी प्रसिद्ध केले. हवेतील अतिसूक्ष्म कणांवर आपटून प्रकाश विखुरतो आणि त्यात निळा रंग तांबड्यापेक्षा कितीतरी अधिक विखुरला जातो, हे त्यांनी दाखवून दिले.

संसार सुरू झाला, अभ्यास रंगात आला, आणि १८७२ साली संधिज्वराने त्यांना गाठले. या दुखण्यात ते मरणाच्या दारापर्यंत जाऊन आले. इंग्लंडची थंडी सोसवणार नाही म्हणून त्यांनी मिसर देशाची वाट धरली. नाईल नदीवर दहाबिया नावाची शिडाची घरनौका असते, तीत बसून ते कुटुंबासह हळूहळू नदीने वर जाऊ लागले. अंगात त्राण नव्हते. हाताशी प्रयोगशाळा नव्हती, ग्रंथालय नव्हते. आजारी माणसाने पडून राहावे आणि काठची खजुरीची झाडे पाहावीत, एवढेच त्याचे काम. परंतु या गृहस्थांनी कागद पुढे ओढला आणि आवाजाच्या शास्त्रावर एक ग्रंथ लिहावयास घेतला. नादाचा सिद्धान्त हे त्याचे नाव. त्याचा पहिला खंड १८७७ मध्ये व दुसरा १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि दीडशे वर्षांनी आजही नादशास्त्राचे अभ्यासक तो उघडून पाहतात.

विद्यार्थी मित्रांनो, याच नाईलच्या देशात, त्याआधी सुमारे साडेआठशे वर्षांपूर्वी, बसऱ्याचे विद्वान इब्न अल-हैसम हेही आले होते. नदीचे पाणी आवरण्याची योजना मनात धरून ते आले, प्रत्यक्ष पाहणी केल्यावर ती साध्य नाही हे त्यांना उमगले, आणि मग कैरोत राहून त्यांनी प्रकाशशास्त्रावरील ‘किताब अल-मनाझिर’ हा अमर ग्रंथ लिहिला, असे इतिहासकार सांगतात. एकाच नदीच्या सान्निध्यात एका मुसलमान विद्वानाने प्रकाशाचा ग्रंथ लिहिला आणि एका ख्रिस्ती विद्वानाने नादाचा ग्रंथ आरंभिला. दोघांवरही वेळ अडचणीचीच होती. इल्मला जात नसते, देश नसतो, आणि सोयीची वेळही लागत नाही.

१८७३ साली वडील वारले व जॉन विल्यम हे तिसरे लॉर्ड रॅले झाले. सुमारे सात हजार एकरांची इस्टेट अंगावर आली. काही वर्षांनी त्यांनी तिचा कारभार धाकट्या भावाच्या हाती सोपवला, आणि टर्लिंग येथील वाड्याच्या आवारात स्वतःची प्रयोगशाळा थाटली. ती पाहून नवखा माणूस निराश होई. तेथे झगमगीत यंत्रे नव्हती. काचेच्या नळ्या, सुतळी, लाख, लाकडाचे तुकडे यांवर त्यांचे काम चाले. आमच्या शाळेत साधने नाहीत, अशी तक्रार आपण शिक्षक व विद्यार्थी वारंवार करतो. तीत तथ्य असते. पण ती तक्रार करताना ही टर्लिंगची प्रयोगशाळा डोळ्यांसमोर आणावी.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू या. वाऱ्याने तार का गाते?

१८७८ साली स्ट्रोहाल नावाच्या एका चेक शास्त्रज्ञांनी जर्मनीत एक साधा पण नामी प्रयोग केला. एका उभ्या चौकटीला त्यांनी तार ताणून बसवली आणि ती चौकट आसाभोवती गरगर फिरवली. वाऱ्याने तारेवर यावे त्याऐवजी तारच हवेतून धावू लागली. तिच्यातून सूर निघाला. त्यांनी तार सैल केली, ताणली, लांब केली, आखूड केली, धातू बदलला. सुराची उंची बदलली नाही. उंची बदलली ती फक्त दोन गोष्टींनी. वेग वाढवला की सूर चढे, आणि तार जाड घेतली की सूर उतरे. सतारीच्या तारेची गोष्ट याच्या अगदी उलट असते, हे तुम्हांस ठाऊक आहे. तेथे ताण आणि लांबी यांनी सूर ठरतो. म्हणजे वाऱ्यातला हा सूर तारेच्या थरथरण्याने जन्मत नाही. तार न थरथरताही हवा स्वतःच गाते. मात्र हवेचा सूर आणि तारेचा स्वतःचा सूर जुळून आला की तारही कापू लागते व आवाज पुष्कळ वाढतो.

स्ट्रोहाल यांनी अशा सुरांना घर्षणस्वर म्हटले. सारंगीच्या तारेवर गज घासावा तसा वारा तारेवर घासत असावा, अशी समजूत होती. येथे लॉर्ड रॅले पुढे आले. त्यांनी १८७९ साली चिमणीकडे ओढल्या जाणाऱ्या हवेच्या झोतात तार धरून पाहिली. त्यांचा विचार असा की, वारा जर गजाचे काम करीत असेल तर तार वाऱ्याच्या दिशेने पुढे-मागे हलली पाहिजे, कारण गज ज्या दिशेने ओढावा त्याच दिशेने सारंगीची तार ओढली जाते. बारकाईने पाहिले तो तार वाऱ्याला आडवी, म्हणजे वारा समोरून येत असता वर-खाली, हलत होती. एका साध्या निरीक्षणाने गजाची कल्पना निकालात निघाली. वारा तारेला घासत नव्हता, काही निराळेच करीत होता.

ते निराळे काय, याचा उलगडा पुढे झाला. ओढ्याच्या पाण्यात काठी उभी धरा. काठीच्या मागे पाण्याचे छोटे भोवरे तयार होताना दिसतील. एक भोवरा डाव्या बाजूने सुटतो, मग एक उजव्या बाजूने, पुन्हा डाव्या, पुन्हा उजव्या. जणू शाळा सुटल्यावर मुलांच्या दोन रांगा आळीपाळीने फाटकाबाहेर पडत आहेत. हवेतही असेच घडते, फक्त डोळ्यांना दिसत नाही. फ्रान्सचे बेनार यांनी १९०८ च्या सुमारास या भोवऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि १९११-१२ मध्ये फॉन कारमान यांनी त्यांच्या मांडणीचे गणित केले. प्रत्येक भोवरा सुटताना तारेला एका बाजूस हलकासा हिसका बसतो, आणि तारही तितक्याच जोराने हवेला उलट हिसका देते. सेकंदाला असे शेकडो हिसके बसले की कानाला सूर ऐकू येतो. तार आडवी का हलते याचे उत्तरही त्यातच आहे, कारण हिसके बाजूंनी बसतात.

१९१५ साली रॅले यांनी हा विषय पुन्हा हाती घेतला. मध्ये छत्तीस वर्षे लोटली होती. वय बहात्तर झाले होते, महायुद्ध पेटलेले होते, जगातले बहुतेक सर्व मानसन्मान मिळून चुकले होते. तरी तरुणपणी अर्धवट राहिलेला तारेचा प्रश्न त्यांच्या मनातून गेला नव्हता. स्ट्रोहाल यांचे जुने आकडे घेऊन त्यांनी ते एका साध्या नियमात गुंफले. सुराची कंपनसंख्या घ्यावी, तिला तारेच्या जाडीने गुणावे आणि वाऱ्याच्या वेगाने भागावे. उत्तर बहुतेक ठिकाणी ०.२ च्या आसपास येते. हवेच्या चिकटपणामुळे त्यात किती फरक पडतो, तेही त्यांनी दाखवले.

हिशेब करून पाहू या. वाऱ्याचा वेग सेकंदाला १० मीटर आणि तार २ मिलिमीटर जाडीची असेल, तर सेकंदाला सुमारे १००० कंपने होतात. हा सूर चांगलाच उंच आहे. तीच तार ४ मिलिमीटर जाडीची घेतली तर ५०० कंपने, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. आणि ३ मीटर व्यासाचे धुरांडे सेकंदाला १५ मीटर वेगाच्या वाऱ्यात उभे असेल तर सेकंदाला अवघे एक कंपन. ते कानाला ऐकू येत नाही. पण धुरांड्याचा स्वतःचा डोल तेवढाच असला तर सबंध धुरांडे हलू लागते. तार असो, काठी असो वा धुरांडे, नियम एकच. केवळ आकारमान आणि वेग यांवरून तुम्ही घरबसल्या सूर सांगू शकता.

या विचारामागे एक मोठे तत्त्व आहे. लहान वस्तू आणि मोठी वस्तू आकाराने सारख्या असल्या व काही प्रमाणे जुळवली, तर लहानीवर केलेला प्रयोग मोठीला लागू पडतो. हे सादृश्याचे तत्त्व रॅले यांनी आग्रहाने मांडले. विमानाचा लहान नमुना बनवून वाऱ्याच्या बोगद्यात तपासतात, त्याचा पाया हाच. १९०९ साली ब्रिटिश सरकारने विमानविद्येसाठी सल्लागार समिती नेमली तेव्हा तिचे अध्यक्षपद रॅले यांच्याकडेच आले, आणि अखेरपर्यंत ते त्यांच्याकडे राहिले. विमान तेव्हा पाळण्यात होते. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला सहाच वर्षे झाली होती.

पुढच्या संशोधकांनी हा धागा लांबवला. १९५२ साली लाइटहिल यांनी हवेच्या प्रवाहातून आवाज कसा जन्मतो याचा सर्वसाधारण सिद्धान्त मांडला, आणि १९५५ साली कर्ल यांनी त्यात घन वस्तूंचा विचार जोडला. त्यातून असे कळले की, वाऱ्यात असलेल्या लहानशा घन वस्तूचा आवाज वेगाच्या सहाव्या घाताने वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला तर आवाजाची शक्ती दुप्पट होत नाही, चौसष्टपट होते! मोटारीची काच खाली केली असता सावकाश जाताना काही वाटत नाही, पण द्रुतगती महामार्गावर कान बधिर होतात, त्याचे कारण आता ध्यानात आले असेल.

वेग कमी करणे नेहमी आपल्या हाती नसते. पण वस्तूचा आकार मात्र माणसाच्या हाती असतो. काही मोटारींच्या टपावरील रेडिओच्या काडीभोवती एक बारीक तार मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते, ती शोभेसाठी नव्हे. सरळ गुळगुळीत काडीवर भोवरे वरपासून खालपर्यंत एका तालात सुटतात, म्हणून त्यांचा एकत्रित सूर मोठा होतो. मळसूत्रामुळे प्रत्येक उंचीवर भोवरा निराळ्या क्षणी सुटतो, ताल मोडतो आणि शीळ विरते. तळोजा किंवा पाताळगंगेकडे जाताना कारखान्यांची उंच धुरांडी दिसतात. जगभर अनेक पोलादी धुरांड्यांच्या वरच्या भागास अशाच मळसूत्री पट्ट्या बसवतात, म्हणजे ती वाऱ्यात डोलत नाहीत. ही युक्ती इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत १९५० नंतरच्या दशकात निघाली. ती प्रयोगशाळा उभी करण्यात रॅले यांचाही हात होता.

आणि निसर्गाकडे पाहाल तर अल्लाहची कारागिरी थक्क करते. पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात तुम्ही सहलीला गेला असाल. कबुतर उडाले की पंखांचा फडफडाट ऐकू येतो. पण गव्हाणी घुबड डोक्यावरून गेले तरी चाहूल लागत नाही. त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला फणीसारखे बारीक दाते असतात, मागच्या कडेला मऊ झालर असते, आणि वरचा पृष्ठभाग मखमलीसारखा असतो. या तीन गोष्टींमुळे हवेचे मोठे भोवरे मोडून बारीक होतात आणि आवाज दबतो. जपानमध्ये १९९७ साली धावू लागलेल्या एका अतिवेगवान आगगाडीच्या टपावरील वीज घेणाऱ्या सांगाड्याची शीळ कमी करण्यासाठी अभियंत्यांनी घुबडाच्या पिसाचाच कित्ता गिरवला. अनेक पवनचक्क्यांच्या पात्यांना मागच्या कडेला करवतीसारखे दाते बसवतात, तेही याच विचाराने.

रॅले यांच्या इतर कामगिरीचा उल्लेख केल्याशिवाय हे चरित्र पुरे होणार नाही. १८७९ साली मॅक्सवेल यांच्या निधनानंतर ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्राध्यापक झाले व १८८४ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्याच काळात, १८८२ साली, तेथील वर्ग मुलींना मुलांच्या बरोबरीने खुले झाले. त्यांची मेव्हणी एलिनॉर सिजविक यांनी विजेच्या मापनाच्या अतिशय काटेकोर प्रयोगांत त्यांच्या बरोबरीने काम केले आणि शोधनिबंधांवर दोघांचीही नावे आली. या विदुषी पुढे स्त्रियांच्या न्यूनहॅम कॉलेजच्या प्राचार्या झाल्या. ज्या आईबापांनी मुलीची शाळा सातवी-आठवीवर थांबवण्याचा विचार केला असेल त्यांनी ही गोष्ट पुन्हा एकदा वाचावी, अशी माझी नम्र विनंती आहे.

भूकंपाच्या ज्या लाटा जमिनीच्या पृष्ठभागावरून सरकत जातात त्यांचे गणित रॅले यांनी १८८५ साली मांडले. १९६७ च्या कोयनेच्या आणि १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांची आठवण ज्या महाराष्ट्राला आहे, त्याला या लाटांचे महत्त्व सांगावयास नको. विजापूरच्या गोलघुमटात भिंतीशी केलेली कुजबूज पलीकडच्या टोकाला ऐकू येते. अशाच प्रकारची नवलाई लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या घुमटातही आहे. आवाज वक्र भिंतीला बिलगून कसा पुढे सरकतो, हे तिच्या निमित्ताने रॅले यांनीच समजावून दिले.

त्यांच्या सचोटीची एक कथा तर प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी. नायट्रोजन वायूचे वजन करताना त्यांना असे आढळले की, हवेतून काढलेला नायट्रोजन रासायनिक पदार्थांतून काढलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरतो. फरक शेकडा अर्ध्याच्या आसपास. एखाद्याने तो हातचुकीचा म्हणून सोडून दिला असता. रॅले यांनी तो लपवला नाही. १८९२ साली त्यांनी एका शास्त्रीय नियतकालिकात पत्र लिहून आपली अडचण उघडपणे मांडली आणि रसायनशास्त्रज्ञांची मदत मागितली. विल्यम रॅम्झी पुढे आले, दोघांनी श्रम केले, आणि हवेत दडून बसलेला ऑरगॉन हा नवा वायू हाती लागला. १९०४ साली या कार्याबद्दल रॅले यांना भौतिकीचे आणि रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिकाची रक्कम रॅले यांनी स्वतःजवळ ठेवली नाही, ती केंब्रिज विद्यापीठाला देऊन टाकली. शिक्षणसंस्थांना देणग्या मागत दारोदार हिंडणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना हा प्रसंग वाचून उमेद येईल, आणि ज्यांना अल्लाहने दिले आहे त्यांना विचार करावासा वाटेल.

१९०५ ते १९०८ या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते आणि १९०८ पासून केंब्रिजचे कुलपती. ३० जून १९१९ रोजी टर्लिंग येथे त्यांचे निधन झाले. ज्याच्या तारुण्याचीही खात्री नव्हती तो माणूस शहात्तर वर्षे जगला आणि चारशेहून अधिक शोधनिबंध मागे ठेवून गेला. आणखी एक गंमत पाहा. वाऱ्याच्या सुराचा तो ०.२ चा अंक आज रॅले यांच्या नावाने ओळखला जात नाही, स्ट्रोहाल यांच्या नावाने ओळखला जातो. दुसऱ्याचे मोजमाप घेऊन त्यांनी नियम सिद्ध केला आणि मान मात्र मोजणाऱ्याकडे राहिला. यात कोणाचेही काही बिघडले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता एक प्रयोग तुमच्यासाठी. मोकळ्या मैदानात, जवळपास कोणी नाही असे पाहून, एक बारीक आणि एक जाड अशा दोन काठ्या सारख्याच जोराने फिरवा आणि कोणत्या काठीचा सूर उंच आहे ते वहीत लिहा. मग त्याच बारीक काठीभोवती सुतळी मळसूत्रासारखी गुंडाळून पुन्हा फिरवा आणि काय फरक पडतो तो कान देऊन ऐका. या प्रयोगाला एक पैसाही लागत नाही.

पालक बंधुभगिनींनो, आपल्या डोक्यावरून आता रोज विमाने जाणार आहेत. त्यांच्या आवाजाबद्दल आपण कुरकुर करू, आणि ती रास्तही असेल. पण तो आवाज कमी करणारी चाके, झडपा आणि पंख कुणीतरी घडवायचे आहेत. ते काम करणारे हात विलायतेचेच असावेत असे कोठे लिहून ठेवले आहे काय? ते या पनवेलच्या एखाद्या मुलाचे किंवा मुलीचे का असू नयेत? कदाचित ते मूल आज तुमच्याच घरी तापाने अंथरुणावर पडले असेल, आणि त्याची शाळा बुडते म्हणून तुम्ही हताश झाला असाल. हताश होऊ नका. त्याच्या उशाशी एक पुस्तक ठेवा.

अल्लाह आपल्या मुलांना उपयुक्त इल्म देवो, आणि आपल्याला ते पोचवण्याची हिंमत देवो. आमीन.